आजीच्या पेटीची यादी: ‘ग्लीम’, ‘शीन’, ‘फेडेड’ यांना मराठीत काय लिहावे?

कातरवेळ (दांडिया बाजार, वडोदरा)

सर्वांस नमस्कार. आमच्या आजीची सागवानी पेटी गेल्या दिवाळीनंतर उघडली, तेव्हा तिच्यातून साड्या, शालू, मोत्यांची एक चिंचपेटी, कुंकवाचा करंडा आणि काही जुनी छायाचित्रे अशा एकूण ४३ वस्तू निघाल्या. माझी भाची परदेशी असते. ती त्या वेळी सुट्टीवर आलेली होती आणि तिने एकेक वस्तू खिडकीपाशी नेऊन, उलटसुलट पाहून, इंग्रजीत फार निगुतीने नोंदी केल्या. आता वस्तूंची वाटणी व्हायची आहे, पुण्याच्या मावश्यांना आणि येथल्या काकूंना ती यादी मराठीत हवी आहे, आणि घरात इंग्रजी व मराठी दोन्ही बऱ्यापैकी लिहिणारी मी एकटीच असल्याने काम माझ्या गळ्यात पडले आहे.

भाचीने नुसत्या चकाकीसाठी ग्लीम, ग्लिंट, ग्लो, शीन, लस्टर, शिमर, ग्लॉस असे सात शब्द वापरले आहेत. रंग गेल्याविषयी फेडेड, पेल, ब्लीच्ड, वॉश्ड आउट, डिसकलर्ड, यलोड, टार्निश्ड असे आणखी सात. पहिल्या मसुद्यात मी पहिल्या सातांना सरसकट ‘चमकदार’ आणि दुसऱ्या सातांना सरसकट ‘फिकट’ लिहून मोकळी झाले. मोठ्या काकूंनी तो मसुदा वाचला आणि म्हणाल्या, “अगं, ही वाटणीची यादी आहे की साबणाची जाहिरात?” मग मोबाइलवरच्या भाषांतराची मदत घेतली, तर ‘शॉट सिल्क’चे ‘गोळी झाडलेले रेशीम’ झाले आणि ‘फ्युजिटिव्ह डाय’चा ‘फरार रंग’ झाला.

विशेषतः एका जांभळ्या नऊवारीची नोंद मला सोडवत नाही. तीत एकाच वाक्यात साडीच्या अंगाला ‘सॉफ्ट शीन’ आहे, जरीच्या काठाला ‘ग्लीम’ आहे, घड्यांवरची जर ‘टार्निश्ड’ आहे आणि बाहेरची बाजू ‘फेडेड’ आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त मास्तर (रावपुरा, वडोदरा)

ताई, आपल्या काकूंचा शेरा रास्त असला तरी दोष सर्वस्वी आपला नाही. या शब्दांपाशी शब्दकोशही एकमेकांकडे बोट दाखवतात. ग्लीम पाहावा तर ग्लिमर पाहा म्हणतात, ग्लिमर पाहावा तर शिमर पाहा म्हणतात, आणि शेवटी माणूस चमकण्यापाशीच येऊन थांबतो. मी तेहतीस वर्षे इंग्रजी शिकवले. या शब्दांच्या बाबतीत मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगत असे: प्रकाश त्या वस्तूचा स्वतःचा आहे की उसना?

‘ग्लो’ हा स्वतःचा प्रकाश. निखाऱ्याचा, काजव्याचा, राखेखाली उरलेल्या विस्तवाचा. त्यात लखलखाट नाही, ऊब आहे. ‘ग्लीम’ हा उसना प्रकाश, पण स्थिर आणि सौम्य, जसा घासून पुसून फडताळात लावलेल्या पितळी डब्यांवर सकाळी दिसतो. तोच उसना प्रकाश एखाद्या बारीक टोकावरून क्षणभर डोळ्यात शिरला, तर तो ‘ग्लिंट’. नथीतला खडा मान वळताच लकाकून जातो, तो ग्लिंट. पृष्ठभाग ओला किंवा तेलकट असून चकाकत असेल तर ‘ग्लिसन’, शेकडो कण एकदम चमचमत असतील तर ‘ग्लिटर’, उजेड अशक्त आणि अस्थिर असेल तर ‘ग्लिमर’, आणि डोळ्यांना सोसवत नसेल तर ‘ग्लेअर’.

हे सारे शब्द ‘ग्ल’नेच का सुरू होतात, असे वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारीच. अशा अर्थसूचक ध्वनिगटांना १९३० मध्ये जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने ‘फोनीस्थीम’ हे नाव दिले. हे गृहस्थ त्यापूर्वी कित्येक वर्षे लाहोरला प्राध्यापक होते, हे मला सांगायला आवडते. यांपैकी बऱ्याच शब्दांच्या मुळाशी ‘चकाकणे, पिवळे असणे’ अशा अर्थाचा एक अतिप्राचीन धातू मानला जातो. इंग्रजीतले ‘यलो’ आणि ‘गोल्ड’ त्याच घरचे, आणि आपल्याकडचे हिरण्य, हरित हेही त्याच घरचे. हरिद्रेवरून आलेली आपली हळदही त्या गोतावळ्यात बसते. म्हणजे ‘ग्लीम’ आणि स्वयंपाकघरातली हळद या दूरच्या चुलत बहिणी आहेत.

मात्र मराठीची वाट वेगळी आहे, आणि आपली अडचण तिथेच आहे. इंग्रजी विचारते, उजेड कसा हलतो? मराठी विचारते, चमकते आहे ते कोण? तारा लुकलुकतो, समई मिणमिणते, वीज लखलखते, तलवार तळपते, आरास झगमगते, घासलेले भांडे चकचकते, वांग्याला तुकतुकी असते आणि मोत्याला तर चमक नसतेच, पाणी असते. यांची अदलाबदल केली की वाक्य मराठी राहत नाही. वीज मिणमिणत नाही आणि समई तळपत नाही. म्हणून ‘ग्लीम म्हणजे काय’ हा प्रश्न बाजूला ठेवून, ‘जरीचा काठ मराठीत काय करतो’ असे विचारावे. तो झळकतो. कुंकवाच्या करंड्याच्या कडेला ग्लिंट असेल तर ‘करंड्याची कड लकाकते’ असे लिहावे.

‘शीन’चे मूळ गमतीचे आहे. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ ‘सुंदर’ असा होता, जर्मनमधला ‘श्योन’ त्याचा सख्खा भाऊ. पुढे ‘शाइन’शी नाद जुळल्यामुळे त्याला चकाकीचा अर्थ चिकटला. साडीच्या ‘सॉफ्ट शीन’साठी मी ‘मंद तकाकी’ सुचवीन. ‘शॉट सिल्क’ म्हणजे आपले धूपछाव. उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या, त्यामुळे पदर हलवला की रंग पालटतो. त्यात कोणाला गोळी लागलेली नाही. आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे फेकला जातो, त्या फेकण्याशी त्या ‘शॉट’चे नाते आहे.

जरीपदर (मांडवी, वडोदरा)

मास्तरांचे म्हणणे वाचून आनंद झाला, पण एका शब्दाला हरकत घेतो. तकाकी पॉलिश केलेल्या बुटाला असते, लाकडाला असते, केसांना असते. रेशमाला तकाकी म्हटले की वरून काहीतरी चोपडल्यासारखे वाटते. आमचा तीन पिढ्यांचा साड्यांचा व्यवसाय आहे आणि गिऱ्हाईक मराठी असो वा गुजराती, आम्ही कापडाची ‘अंगची चमक’ आणि ‘वरची चमक’ असा भेद करून सांगतो. सुती कापडाला खळ देऊन, घोटून आणलेली चकाकी ही वरची. दोन धुण्यांत ती उतरते, आणि इंग्रजीतला ‘ग्लॉस’ मला तिच्याजवळचा वाटतो. रेशमाची चमक अंगचीच असते, कारण रेशमाचा तंतू गोल नसून साधारण तिकोनी असतो आणि प्रत्येक बाजूवरून उजेड निराळ्या कोनात परततो. कोशातल्या कच्च्या तंतूवर डिंकासारखा थर असतो, तो उकळून काढल्यावरच ही चमक दिसते. तेव्हा ताईंनी ‘अंगची मंद चमक’ लिहावे.

टार्निश्ड जरीला आमच्याकडे ‘जर काळी पडली’ एवढेच म्हणतात. आजीच्या काळातली जर खरी असेल तर ती चांदीच्या तारेची, वर सोन्याचा मुलामा दिलेली असणार. घडीवर घासून मुलामा जातो आणि उघडी पडलेली चांदी काळवंडते. कृपा करून ती लिंबू, चिंच किंवा भांड्यांच्या पावडरीने उजळायला जाऊ नका. एका गिऱ्हाइकाने हा उद्योग केला, तेव्हा काठाबरोबर साडीचा रंगही निघून आला होता.

रंगशाळा (फतेहगंज, वडोदरा)

मी येथल्या फाइन आर्ट्सला शिकले आणि आता जुनी चित्रे व वस्त्रे जतन करण्याचे काम करते, त्यामुळे ताईंच्या दुसऱ्या सात शब्दांविषयी लिहिते. पहिल्या सातांत मास्तरांनी ‘कोण चमकते’ हा प्रश्न घातला आहे. दुसऱ्या सातांत ‘रंग कोणी नेला’ असे विचारावे, कारण भाचीने ते शब्द सहज वापरलेले दिसत नाहीत.

सर्वांत आधी ‘फिकट’ आणि ‘विटका’ यांची गल्लत टाळावी. फिकट रंग जन्मतःच हलका असतो, त्याचे काही बिघडलेले नसते. ‘पेल’ला तो शब्द ठीक आहे. विटका रंग हा एके काळी गडद होता आणि आता तसा राहिलेला नाही, म्हणून ‘फेडेड’ला ‘विटलेला’ किंवा ‘उडालेला’ म्हणावे. वाटणीच्या यादीत हा फरक पैशाचा आहे. फिकट जांभळी साडी निराळी, विटलेली गडद जांभळी साडी निराळी.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘फेड’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये ‘फाद’ म्हणजे आजही बेचव. आपला ‘फिका’ही नेमका असाच रंगाला आणि चवीला दोन्हीकडे चालतो, फिका रंग आणि फिका चहा, आणि गुजरातीतल्या ‘फिक्कुं’चेही तेच. ‘विटणे’ तर त्याहून पुढे जाते. साडीचा रंग विटतो आणि माणसाचे मनही विटते.

आता कारणांकडे येते. उन्हाने किंवा उजेडाने रंग गेला असेल तर ‘उन्हाने उडालेला’. वारंवार धुण्याने गेला असेल, म्हणजे ‘वॉश्ड आउट’ असेल, तर ‘धुवून धुवून उतरलेला’. रसायनाने मुद्दाम काढला असेल तरच ‘ब्लीच्ड’, त्याला ‘विरंजन’ हा शास्त्रीय शब्द आहे, पण काकूंसाठी ‘पांढरा फटक पडलेला’ बरा. ‘डिसकलर्ड’मध्ये रंग गेलेलाच असतो असे नाही. नको तो रंग आलेलाही असू शकतो, जसे डाग, काळवंडणे, पिवळसर पडणे. ‘यलोड’ कागदाला आणि पांढऱ्या सुती कापडाला लागतो. मोबाइलचा ‘फरार रंग’ मात्र हसण्यावारी नेऊ नये. जो रंग टिकत नाही, निसटून जातो, त्यालाच इंग्रजीत फ्युजिटिव्ह म्हणतात, आणि त्याच्या उलट टिकणाऱ्या रंगाला ‘फास्ट’, म्हणजे घट्ट धरून राहणारा. आपल्याकडे दोघांना कच्चा रंग आणि पक्का रंग असे दोन चोख शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हळदीचा रंग उन्हापुढे कच्चा, नीळ आणि मंजिष्ठा त्यामानाने पक्क्या.

जांभळ्या साडीविषयी एक शंका येते. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा कोळशाच्या डांबरातल्या द्रव्यांपासून क्विनीन हे हिवतापावरचे औषध करू पाहत होता. क्विनीन झाले नाही, एक जांभळा रंग हाती लागला, आणि तेथून कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. त्या सुरुवातीच्या पिढीतले पुष्कळ रंग दिसायला झगझगीत पण उजेडापुढे कच्चे निघाले. आजीची साडी त्यानंतर कितीतरी वर्षांनी विणलेली असणार, तरीही रंग त्याच स्वभावाचा असू शकतो. तपासायचे असेल तर पदराची शिवण किंवा काठाची दुमड किंचित उघडून आतला धागा पाहावा. आत गडद आणि बाहेर विटका असेल तर रंग उजेडाने नेला. आतबाहेर सारखाच उतरलेला असेल तर पाण्याने.

उजेडाचा हिशेब लोक फार हलका धरतात. संग्रहालयांत जुनी वस्त्रे आणि जलरंग सुमारे ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेडात ठेवतात, तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालते. भर दुपारचे उघडे ऊन १,००,००० लक्सच्या घरात असते. नुकसान साठत जाते, म्हणून उन्हातला एक तास हा त्या मंद दालनातल्या २,००० तासांइतका, म्हणजे रोज आठ तास धरले तर २५० दिवसांइतका होतो. आणि गेलेला रंग अंधारात ठेवल्याने परत येत नाही, कारण रंगाचा रेणूच तुटलेला असतो. तेव्हा नोंदी करताना साड्या पुन्हा खिडकीपाशी नेऊ नयेत, ही विनंती.

चिंचपेटीतल्या मोत्यांबद्दल मास्तरांनी लिहिले ते बरोबर आहे. ‘लस्टर’ला पाणीच म्हणावे, आणि दोन मोती ‘डल’ असतील तर ‘दोन मोत्यांचे पाणी गेले आहे’ असे लिहावे. इंग्रज जवाहिरेही उत्तम हिऱ्याला ‘पहिल्या पाण्याचा’ म्हणत असत, त्यामुळे हा शब्द त्यांना परका नाही. मोत्याच्या अंगावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिशय पातळ थर एकावर एक असतात, उजेड वरच्या थरावरून परततो तसाच आतल्या थरांवरूनही परततो, म्हणून ते तेज खोलातून आल्यासारखे दिसते. घामाचे, अत्तराचे आम्ल लागले की वरचा थर खरवडला जातो आणि पाणी जाते. आपल्याच गावात १८६५ च्या सुमारास खंडेराव महाराजांनी बसऱ्याच्या बारीक मोत्यांचा जो गालिचा करवला, आणि जो २००९ मध्ये दोह्याला लिलावात विकला गेला, त्याची छायाचित्रे पाहिली तरी ‘ग्लिटर’ आणि ‘लस्टर’ यांतला भेद कळतो. लाखो मोती असूनही त्यात चमचमाट नाही.

सवड असेल तर ताईंनी भाचीची यादी हातात घेऊन लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फतेहसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे पाहून यावीत. मोती काढताना चित्रकार करड्या गोलावर एकच पांढरा टिंब देतो आणि त्याची कड मुद्दाम विरवतो. दागिन्यातला खडा काढताना तेच टिंब कडक ठेवतो. रेशमी पदरावर टिंब नसतेच, घडीच्या कण्यावरून ओढलेला लांब, मऊ फटकारा असतो. पहिले लस्टर, दुसरे ग्लिंट, तिसरे शीन. शब्दकोशापेक्षा ते लवकर ध्यानात राहते.

निवृत्त मास्तर (रावपुरा, वडोदरा)

जरीपदर यांची हरकत मान्य. तकाकी मागे घेतो. वांग्याच्या तुकतुकीवर मात्र ठाम आहे.

‘शिमर’ वरच्या उत्तरात राहून गेला. उजेड पाण्यावर किंवा तलम कापडावर कंप पावतो तो शिमर. तलम चंदेरीसाठी भाचीने तो वापरला असेल तर ‘उजेडात झुळझुळते’ लिहिण्याचा मोह होईल, पण झुळझुळ ही पाण्याच्या आणि वाऱ्याच्या आवाजाची. ‘हलली की झिलमिलते’ असे लिहावे. हा शब्द काहींना हिंदी वाटेल, वडोदऱ्यात तो कोणाला खटकू नये.

कातरवेळ (दांडिया बाजार, वडोदरा)

सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारी, खिडकी बंद करून, जांभळ्या साडीच्या पदराची शिवण दोन बोटे उसवून पाहिली. आतला धागा अजून पिकल्या जांभळाच्या रंगाचा आहे, बाहेरची बाजू राखेसारखी झाली आहे आणि दोहोंच्या मध्ये, घडी जिथे मोडते तिथे, रेघ ओढावी तशी दोन रंगांची सीमा दिसते. उजेडानेच रंग नेला आहे. पेटीत ठेवण्यापूर्वी ती साडी बरीच वर्षे काचेच्या कपाटात होती, हे आईने आठवून सांगितले, आणि विटलेली बाजू नेमकी काचेकडचीच निघाली.

छायाचित्रांचा प्रश्न भाचीनेच सोडवला. तिने ‘यलोड’ आणि ‘सेपिया’ असे दोन्ही शब्द लिहिले होते, मी दोन्हींना पिवळट म्हटले होते. तिचे म्हणणे असे, की सेपिया ही छायाचित्रकाराने मुद्दाम दिलेली तपकिरी छटा आहे आणि पिवळेपणा काळाने आलेला. आता एकाला ‘तपकिरी छटेचे’ आणि दुसऱ्याला ‘पिवळे पडलेले’ असे लिहिले आहे.

जांभळ्या साडीची नोंद शेवटी अशी झाली: “नऊवारी, रेशमी, मूळ रंग गडद जांभळा. अंगची मंद चमक कायम. बाहेरची घडी उजेडाने विटलेली, आतील रंग अजून गडद. काठ खऱ्या जरीचा, झळकतो, घड्यांवर जर काळी पडली आहे.” मोठ्या काकूंना ही नोंद पसंत पडली. अडचण एवढीच झाली आहे, की पहिल्या यादीत ‘फिकट जांभळी साडी’ म्हणून जिच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते, ती आता काकूंनाही हवी आहे आणि पुण्याच्या धाकट्या मावशीलाही.